नाव न उमटलेला फोन

कचेरीत काम केलेल्या कुणालाही ती अडचण ठाऊक असते. महिनाअखेर जवळ येते, वरून विचारणा सुरू होते, सगळा तक्ता भरलेला असतो आणि तळाशी चार-दोन ओळी तशाच कोऱ्या राहिलेल्या असतात. नीट भरायच्या तर वेळ नाही, कोऱ्या ठेवायच्या तर अब्रू जाते. मग आपण तिथे काहीतरी लिहून टाकतो. कुणाचं वाईट व्हावं असं आपल्या मनातही नसतं. तक्ता पुरा व्हावा, एवढंच असतं.

मॉर्व्हन गेडिसने तिथे ‘सेवा नको’ असं लिहिलं. अकरा ओळींत, अकरा वेळा.

मॉर्व्हन कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, टेलिकेअर कचेरीची प्रमुख होती. दूरच्या थंड मुलखातल्या त्या साऱ्या किनाऱ्यावर, गावागावांतून एकेकटी राहणारी म्हातारी माणसं होती, आणि प्रत्येकाच्या घरात फोनशेजारी एक पांढरी पेटी, गळ्यात एक लाल बटण. पडलं, घाबरलं, छातीत दुखलं की बटण दाबायचं. पेटी फोनच्या तारेवरून कचेरीला हाक मारायची आणि चार-सहा सूर वाजवायची. त्या सुरांवरून इथल्या पडद्यावर माणसाचं नाव उमटायचं, पत्ता उमटायचा, दाराच्या चावीच्या डबीचे आकडेही उमटायचे. टेबलावर जी कोण असेल ती पेटीच्या भोंग्यातून पहिलं वाक्य नावानेच बोलायची, “हं, मिसेस अमुक, मी ऐकतेय.” नाव विचारायचं नाही, हा तिथला रिवाज होता. तो घातला होता विल्मा पीट्रीने. विल्मा पहिल्या दिवसापासून त्या टेबलावर होती, त्रेसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. नव्या मुलींना ती सांगायची, “जमिनीवर पडलेल्या माणसाला तू कोण असं विचारू नये. त्याला वाटतं, आपण खरंच कुणी उरलो नाही.”

आता ती जुनी तांब्याची तार जाणार होती. फोन कंपनी घरामागून घर नव्या डिजिटल लाइनवर नेत होती. जुन्या पेटीचे सूर या नव्या लाइनवर फुटायचे. कधी पोचायचे, कधी अर्धेच पोचायचे. म्हणून लाइन बदलण्याआधी प्रत्येक घरी जाऊन नवी पेटी बसवायची होती. कचेरीने कंपनीला एक यादी दिली होती, की आम्ही जाऊन येईपर्यंत या घरांच्या तारेला हात लावू नका. एकेक घर झालं की यादीतून नाव कमी व्हायचं. चारशे बारा घरांपैकी चारशे एक झाली. उरलेल्या अकरांना दोन-दोन पत्रं गेली, तीन-तीन फोन झाले. पत्रांना उत्तर आलं नाही. फोन उचलले गेले आणि आदळून ठेवले गेले.

बैठकीत विल्मा म्हणाली, “उत्तर आलं नाही म्हणजे नको म्हणाले असं होत नाही.”

मॉर्व्हन म्हणाली की पाच वेळा विचारलं, आणखी किती विचारायचं.

“तू गेलीस का?”

मॉर्व्हन गेली नव्हती. माणसं कमी, गाड्या दोन, त्यातली एक कायम दुरुस्तीला. आणि मुलीचं पाळणाघर साडेपाचला बंद व्हायचं. एली अवघी अकरा महिन्यांची होती. हे तिने मनात म्हटलं. तोंडाने ती म्हणाली, “आपण घरोघर हिंडून लोकांच्या गळ्यात पडायचं का?”

“बटण तरी गळ्यातच असतं ना,” विल्मा म्हणाली.

सगळे हसले. तक्ता पुरा झाला. अकरा नावं ‘बंद’ या वेगळ्या पानावर गेली आणि यादीतून उतरली. यादीतून उतरलेल्या घरांच्या तारा कंपनीने आपल्या वेळापत्रकाप्रमाणे बदलल्या. त्यात कंपनीचंही काही चुकलं नाही. वरून शाबासकीचं पत्र आलं.

*

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी सकाळी अकराला तो फोन आला.

विल्माची त्या दिवशी सुट्टी होती, टेबलावर मॉर्व्हन स्वतः बसली होती. पडदा उजळला, पण नाव उमटलं नाही. नावाच्या जागी नुसती करडी पट्टी. कानात आवाज आला तो विहिरीच्या तळातून वर यावा तसा. पाण्याचा असावा तसा. मध्येच कापला जाणारा, पुन्हा जुळणारा.

“…मंग… ळवार… लीक…”

मग शांतता. पण ती रिकामी नव्हती. पलीकडे कुणीतरी थांबलं होतं. आता तुझी पाळी, असं म्हणून थांबावं तसं.

“कोण बोलतंय? आपलं नाव सांगता का?” मॉर्व्हनने विचारलं.

एक श्वास ऐकू आला. मग खट्.

तिने नोंदीत लिहिलं, लाइन दोष.

त्या महिन्यात असे आणखी सहा आले. सगळे दिवसाढवळ्या, सगळे करड्या पट्टीचे. एकात नुसतं घड्याळ चाललं होतं. एकात चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज आला आणि कुणी खुर्ची मागे सरकवली. एकात फक्त तीन टकटकी होत्या. सावकाश, सारख्या अंतराने, दारावर आतून वाजवाव्यात तशा. तो फोन घेतलेली मुलगी हेडफोन काढून बराच वेळ हातात धरून बसली. कचेरीत त्यांना भुताचे फोन म्हणू लागले. कुणीतरी चादर पांघरलेल्या भुताचं चित्र काढून फलकाला टाचलं. सगळे त्याला हसले. टकटकीनंतर मात्र चित्राकडे बघून हसणारे कमी झाले. सातही वेळा नोंद एकच, लाइन दोष.

रात्री घरी मॉर्व्हनच्या उशाशी एलीच्या खोलीतला आवाज पोचवणारं यंत्र असायचं. त्यावर मुलीच्या श्वासाबरोबर छोटे हिरवे दिवे वर-खाली व्हायचे. दिवे जरा थांबले की ती अनवाणी पळायची. दरवेळी मूल कूस बदलून झोपलेलंच असायचं. तिचा नवरा कॅलम म्हणायचा, “रडली तर ऊठ ना. गप्प आहे तर कशाला उठतेस?” ती म्हणायची, “गप्प आहे म्हणूनच.” हे आपण काय बोललो, हे तिला तेव्हा कळलं नाही.

*

एप्रिलचा शेवटचा गुरुवार. दुपारी दोनला समुद्रावरून धुकं चढलं. त्या किनाऱ्यावर ते वसंतात असंच येतं. एका क्षणी ऊन असतं आणि दुसऱ्या क्षणी समोरच्या इमारतीला खिडक्याच उरत नाहीत. कचेरीच्या काचांपलीकडे नुसतं दुधाळ पांढरं काहीतरी टेकून उभं होतं.

विल्मा एका आजोबांशी बोलत होती, म्हणून वाजलेला फोन मॉर्व्हनने घेतला. करडी पट्टी. विहिरीचा तळ.

“…पड…ले…”

मॉर्व्हन ताठ बसली. “तुम्ही पडलात का? कुठे आहात? नाव सांगा आपलं.”

आवाज तुटत राहिला. मग अचानक, कुणी काच पुसावी तसा, स्वच्छ झाला. म्हाताऱ्या बाईचा आवाज होता. अगदी जवळचा.

“नाही सांगणार.”

“मी मदतीसाठीच…”

“पेटीतल्या बाईला माझं नाव माहीत असतं. तुला नाही.” धाप लागत होती, पण शब्द ठाम होते. “जो तुमचं नाव विचारतो, त्याला तुमचं नाव माहीत नसतं. इथं लिहिलंय. मला वाचता येतं.”

खट्.

ते वाक्य मॉर्व्हनचं होतं. मागच्या शरद ऋतूत म्हाताऱ्यांना फोनवरून लुबाडणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा कौन्सिलने घरोघर एक पत्रक वाटलं. ‘फोनची लाइन बदलायची आहे असं सांगून कुणी बोलू लागलं तर फोन ठेवा. आलेले कागद फाडून टाका. जो तुमचं नाव विचारतो, त्याला तुमचं नाव माहीत नसतं.’ मॉर्व्हनने ते याच टेबलावर लिहिलं होतं. शेवटचं वाक्य सगळ्यांना फार आवडलं होतं. आणि चार महिन्यांनी तिनेच त्याच घरांत फोन केले होते, तुमची फोनची लाइन बदलायची आहे म्हणून.

विल्माने आजोबांना निरोप दिला आणि खुर्ची वळवली. “चेहरा असा का झालाय तुझा?”

मॉर्व्हनने सांगितलं. तिने रुग्णवाहिकेलाही फोन लावला होता. त्यांनी पत्ता विचारला. पत्ता कुठे होता?

“ते भुताचे फोन लाव,” विल्मा म्हणाली. “सगळे.”

पहिलाच लावला. मंगळवार. लीक. विल्माने डोळे मिटून दोनदा ऐकला आणि हेडफोन काढला.

“भूत कसलं, पोरी? हे सूप आहे.”

पूर्वी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अकरापासून सगळी म्हातारी माणसं बटण दाबून पाहायची, पेटी चालते की नाही ते. तेवढ्यात विल्मा त्यांच्याशी बोलायची. काही बायका चुलीवर आज कुठलं सूप आहे ते सांगायच्या. जानेवारीत मॉर्व्हननेच तो मंगळवार बंद केला होता. पेटी आपली आपण तपासली जाते, मग पाच-पाच मिनिटं सुपावर कशाला घालवायची? पण यादीतून काढलेल्या घराची पेटी गप्प झाली तर ते कुणाला कळणार, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नव्हता. आणि कुणीतरी अजून मंगळवार पाळत होतं. दाबत होतं, सांगत होतं, थांबत होतं.

“कोण आहे ही?”

“तीच पंचाईत आहे. लीकचं, त्या जाड पातीच्या कांद्याचं, सूप करणाऱ्या दोघी. स्किर्लहेवनची बेथिया लम्सडेन, आणि वर शेतावर राहणारी जेसी टफ. आवाज असा चिरडलेला, मला ओळखू येत नाही. दोघीही तुझ्या अकरांतल्या.”

एक गाव दक्षिणेला, दुसरं उत्तरेला. धुक्यातून कुठेही जायचं तर अर्धा तास. मदतीची गाडी एक, तीही दुसऱ्या गावात अडकलेली. दोन्ही घरी फोन लावला; दोन्हीकडे घंटा वाजत राहिली. बेथियाच्या गल्लीत शेजारी नव्हतेच, सगळी घरं सुट्टीला येणाऱ्यांची. जेसीच्या शेतावर तर दुसरं घरच नाही.

“पुन्हा येईल तो,” विल्मा म्हणाली. “जुनी पेटी उत्तर मिळेपर्यंत हाक मारत राहते. मला घेऊ दे. आणि तू गप्प बसून ऐक.”

चार मिनिटांनी करडी पट्टी उजळली.

विल्माने नाव विचारलं नाही. ती म्हणाली, “मी विल्मा. बटाटे सोललेस की आळस केलास?”

पाणी खळाळल्यासारखा आवाज. मग, “विल्मा तर मेली.”

“कोण म्हणतं?”

“कुणी नाही… सांगितलं. जानेवारीपासून… नाहीच. तेव्हा मेलीच असणार.”

“मेले नाही गं. माझा मंगळवार काढून घेतला, एवढंच.”

“मग सांग.” आवाज आता बारीक होत चालला होता. “माझ्या खिडकीतून… काय दिसतं?”

विल्माने मॉर्व्हनकडे पाहिलं. बेथियाची खिडकी बंदरावर, जेसीची कुरणावर. चुकीचं उत्तर दिलं तर ती बाई पुन्हा बोलणार नाही, आणि पत्ता कधीच कळणार नाही. घड्याळाचे काटे पुढे जात होते; हे फोन फार वेळ टिकत नसत.

मॉर्व्हनने दुसरा हेडफोन कानाला दाबून धरला होता. ती शब्द ऐकतच नव्हती. रात्री त्या छोट्या यंत्राच्या खरखरीतून ती मुलीचा श्वास शोधायची, तशी ती खरखरीच्या खाली उतरत होती. श्वास, आखूड. काहीतरी करपल्याची चरचर. आणि त्याच्याही खाली, लांब, बाहेर कुठेतरी, टिंग. थांबून पुन्हा टिंग. वाऱ्याने डोलकाठीवर दोरी आपटत होती.

तिने कागदावर लिहिलं, होड्या.

“तुझ्या सँडीची उपडी घातलेली होडी दिसते,” विल्मा म्हणाली. “हिरवी. आणि तिच्यावर बसणारा तो निलाजरा समुद्रपक्षी, ज्याला तू ब्रेडची कड घालतेस आणि वर शिव्याही देतेस.”

पलीकडे काहीच नाही. मॉर्व्हनला वाटलं, तुटला.

“…आज दिसत नाही तो,” आवाज म्हणाला. “पांढरं झालंय सगळं.” आणि मग हुंदका. “विल्मा, मला उठता येत नाही गं.”

“बेथिया, मी ऐकतेय,” विल्मा म्हणाली.

“डबीचे आकडे… सांगू का? आकडे सांगायचे नसतात…”

“नको सांगू. माझ्याकडे आहेत.” विल्माने ‘बंद’चं पान उघडलंच होतं. तिने आकडे कागदावर लिहून मॉर्व्हनपुढे सरकवले, तेव्हा मॉर्व्हन कोट चढवत होती.

*

स्किर्लहेवनला रुग्णवाहिका पोचायच्या आधी मॉर्व्हन पोचली. धुक्यात रस्त्याची एकच बाजू दिसत होती. तिने कचेरीतल्या एका मुलीकडून मागून घेतलेली गाडी बंदराच्या तोंडाशी सोडली आणि चालत निघाली. गल्लीतली घरं एकापाठोपाठ एक पांढऱ्यातून पुढे यायची आणि मागे सरायची. प्रत्येक दाराशी चावीची डबी, प्रत्येक खिडकीत ओढलेले पडदे, आणि आत कुणीही नाही. पायाखालचा दगड ओला होता. तिची पावलं जरा उशिराने वाजताहेत असं तिला वाटलं. थांबून पाहिलं तर तीही थांबली.

मग तिला विल्माचा आवाज ऐकू आला.

तो समोरच्या बंद दारातून येत होता. तुटका, पाण्यातला, कचेरीत ऐकलेल्या त्या आवाजांसारखाच. दहा मैलांवर खुर्चीत बसलेली विल्मा त्या ओल्या दारापलीकडे म्हणत होती, “…तेय… मी ऐक… तेय…” आणि मग खट्. आणि मग पेटीचे सूर, फुटके, पुन्हा पुन्हा, स्वतःचं नाव सांगू पाहणारे. आपण इतके दिवस ज्या बाजूला बसलो होतो तिची दुसरी बाजू ही आहे, एवढं मॉर्व्हनला कळलं.

तिने डबी उघडली.

आत धूर होता, धुक्यापेक्षा काळा. तिने आधी शेगडी बंद केली, करपलेलं भांडं बाहेर फेकलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बेथिया लम्सडेन टेबलाच्या पायाशी पडली होती, एक पाय नको त्या दिशेला वळलेला. चेहरा पीठ लावल्यासारखा. डोळे मात्र उघडे आणि रोखलेले.

“तू कोण?”

मॉर्व्हन फरशीवर गुडघे टेकून बसली. कोट काढून तिने बेथियाच्या अंगावर घातला. “मी मॉर्व्हन. विल्माबरोबर काम करते. मघाशी मीच नाव विचारलं.”

बेथियाने हनुवटीने शीतकपाटाकडे खूण केली. दारावर ते पत्रक लावलेलं होतं, चारही कोपरे चिकटपट्टीने नीट दाबून. एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली.

“ते मी लिहिलंय,” मॉर्व्हन म्हणाली. तिला ते लपवता आलं असतं.

“चांगलं लिहिलंयस. अक्षर मोठं आहे,” बेथिया म्हणाली. “मी अगदी तसंच वागले.”

मॉर्व्हनला रडू आलं, पण ते रडण्याचं ठिकाण नव्हतं. तिने त्या म्हातारीचा गार हात दोन्ही हातांत धरला. तोच हात, ज्याने दोन पत्रं फाडली होती, तीन फोन ठेवले होते. या बाईने एकही सूचना मोडली नव्हती. कौन्सिलने जे सांगितलं ते तिने केलं होतं, आणि कौन्सिलने त्याचा अर्थ लावला होता, सेवा नको.

“त्या मंगळवारनंतर पुन्हा का नाही दाबलंत बटण? दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी? नीट उत्तर मिळालं नाही, तेव्हा कुणाला सांगायचं ना.”

“तुम्ही कामात असाल म्हटलं. उगीच कशाला कुणाला त्रास.”

बाहेर धुक्यात रुग्णवाहिकेचा निळा उजेड फिरू लागला.

*

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी तास-दीड तास गेला असता तर धुरानेच काम केलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॉर्व्हनने शाबासकीचं पत्र पाकिटात घालून परत पाठवलं. सोबत लिहिलं की तक्ता खोटा होता आणि तो खोटा मी भरला. वरचे साहेब रागावले. मग गाडी नाही म्हणाले. विल्मा म्हणाली, माझ्या नवऱ्याची आहे, माशांचा वास येतो, पण चालते. त्या गाडीतून दोघी उरलेल्या दहा घरी गेल्या. दार वाजवून आधी स्वतःचं नाव सांगायचं, ओळखपत्र पत्रपेटीच्या फटीतून आत सरकवायचं, आणि बाहेर उभं राहायचं, हवा तितका वेळ. जेसी टफने पाऊण तास उभं ठेवलं, मग चहा दिला. एका आजोबांना पत्र वाचताच येत नव्हतं, दिसत नव्हतं, आणि हे त्यांनी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. एक बाई म्हणाली, मला वाटलं माझी पाळी संपली म्हणून तुम्ही बंद केलंत. नको कुणीही म्हटलं नाही. दहांतल्या एकानेही नाही.

बसल्या बसल्या विल्माने त्या सात फोनांच्या नोंदी जुळवल्या. घड्याळ कुणाचं, चमचा कुणाचा, खुर्ची कुणाची. सहा जुळले. तीन टकटकींचं घर सापडलं नाही. अकराही जणांना विचारलं. सगळे म्हणाले, आम्ही नव्हे. मॉर्व्हनने फलकावरचं भुताचं चित्र काढलं आणि तिथे त्या सातव्या फोनची चिठ्ठी लावली. त्यावर ‘लाइन दोष’ खोडून तिने लिहिलं, कोण? चिठ्ठी अजून तिथेच आहे.

वाचकहो, ही गोष्ट दूरच्या किनाऱ्यावरची आहे, पण कोरी ओळ प्रत्येक कचेरीत आहे आणि बटण गळ्यात घातलेलं कुणीतरी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे, किंवा उद्या असेल. तार बदलेल, पेट्या बदलतील, त्या बदलायलाच हव्यात. पण पेटी बदलायच्या आधी जाऊन दार वाजवायला हवं. पाळण्यातलं मूल गप्प झालं की आपण अनवाणी धावतो. म्हातारं माणूस गप्प झालं की मात्र आपण समजतो, ठीक असेल. ज्या दिवशी आपण त्या दुसऱ्या शांततेलाही उठू लागू, त्या दिवशी आपल्याला माणसं सांभाळता येतात असं म्हणावं. आपली आई, आपले वडील, शेजारची ती एकटी बाई, यांच्या घरी या आठवड्यात जा. ते बटण त्यांच्या देखत दाबा. पलीकडून नावाने हाक येते का ते ऐका.

पहिला मंगळवार पुन्हा सुरू झालाय. जूनमध्ये बेथिया काठी टेकत घरी आली. त्याआधीच मॉर्व्हनने स्वतः नवी पेटी बसवून ठेवली होती, वीज गेली तरी चालणारी. अकराला पडदा उजळला आणि नाव उमटलं.

“मिसेस लम्सडेन, मी ऐकतेय,” मॉर्व्हन म्हणाली.

“मसुराचं,” बेथिया म्हणाली. “आणि तो मेला आलाय बघ, होडीवर बसलाय.”

पाच मिनिटं सुपावर गेली. मग एकेक करून सगळी नावं उमटून गेली आणि दुपार उलटल्यावर फोन थांबले. त्यानंतरही थोडा वेळ मॉर्व्हन हेडफोन काढत नाही. दर मंगळवारी. पडद्यावर काहीच नसतं. ती त्या शांततेच्या खाली उतरून ऐकत असते, कुणी आतून दार वाजवतंय का.